करवतीची गोळी बंद

"झालं?" खिडकीबाहेरच्या म्हाताऱ्याने विचारलं. खरं तर हे विचारायचं काम आतल्या बाईचं होतं.

आतल्या बाईने मान हलवली. इतकी सावकाश, की ती होकाराची होती की पेंगेची, हे त्याला कळेना.

"म्हणजे तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"लिहून... घेतलंय."

म्हातारा बावचळला. चित्रकलेचा निवृत्त मास्तर होता तो, आणि चार दिवस त्याच्या नळाला पाणी नव्हतं. घरून निघताना त्याने भांडणाची जय्यत तयारी केली होती, वाटेत दोनदा तालीमसुद्धा केली होती. पाणीपुरवठा कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीवर जायचं म्हणजे डोकं घरी ठेवून जायचं, नाहीतर ते तिथे कापलं जातं, हे सगळ्या शहराला माहीत होतं. आणि आज सतरा मिनिटं झाली तरी त्याला कुणी अडवलं नव्हतं. नळावरून तो सुनेवर गेला, सुनेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांवर. बाई आपली बघतेय.

"तुम्हाला बरं नाही का?" त्याने विचारलं. आणि कसंनुसं होऊन, न भांडताच निघून गेला.

या बाईला ऑफिसात सगळे करवत म्हणायचे. करवत जातानाही कापते आणि येतानाही. तोंडावर कुणी म्हणत नसे, तेवढी अक्कल पाणीपुरवठ्यातही असते. सव्वीस वर्षं ती त्या खिडकीत होती आणि कुठलीही तक्रार चाळीस सेकंदांत उभी चिरायची.

"पाणी वर चढत नाही हो."

"कितवा मजला?"

"तिसरा."

"पाण्याने सांगितलं होतं तिसऱ्यावर घर घ्यायला? पत्ता बोला. पुढचे."

माणूस शिव्या देत घरी जायचा आणि दोन दिवसांत त्याचा नळ वाहायला लागायचा, हेही तितकंच खरं होतं. पण वाहत्या नळाची आठवण कुणाला राहते? शिव्या राहतात.

तर अशी ही करवत गेले दोन आठवडे कापत नव्हती. रांग गेटाबाहेर गेली होती. लोक आता तक्रारीसाठी कमी आणि मन मोकळं करायला जास्त येत होते. एक बाई तर डबा घेऊन आली होती.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय चाललंय हे? हे कार्यालय आहे की समुपदेशन केंद्र?"

"साहेब... गोळी... बंद आहे."

"मग चालू करा की." साहेबांचं अख्खं आयुष्य व्हॉल्व्हमध्ये गेलं होतं. बंद असेल ते चालू करायचं, चालू असेल ते बंद करायचं, यापलीकडे त्यांना जगात तिसरी गोष्ट माहीत नव्हती.

पण ही गोळी चालू करायची नव्हती. चार महिन्यांपूर्वी करवतीच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी कापून काढली होती. कॅन्सर होता. ग्रंथी गेल्यावर तिचं काम करायला रोज सकाळी एक गोळी. आता आत कुठे कण राहिले असतील तर ते जाळायला किरणोत्सारी आयोडीन प्यायचं होतं, आणि त्याच्याआधी पाच आठवडे ती गोळी बंद.

हे तिला समजावलं होतं हॉस्पिटलच्या तळघरातल्या सिस्टरने. सिस्टरकडे तारखांची वही होती, आणि ज्याच्याकडे वही असते त्याला गोड बोलावं लागत नाही.

"हे बघा," सिस्टर म्हणाली होती, "त्या पेशी आयोडीन खातात. पण पोट भरलेलं असेल तर तोंड लावत नाहीत. म्हणून आधी उपाशी मारायच्या. पिसाळलेल्या कुत्र्याला विषाचा तुकडा टाकतात ना, तसं. जेवलेलं कुत्रं तुकडा हुंगतं आणि चालायला लागतं."

"आणि यात मी कोण?"

"तुम्ही अंगण. अंगणाला थोडा त्रास होणारच. सुस्ती येईल, थंडी वाजेल, तोंड सुजेल, आवाज बसेल. शेवटचे दोन आठवडे साधं मीठ बंद, बिनआयोडीनचं आणायचं. दूध नाही, अंडं नाही, मासे नाहीत. मग रक्त तपासायचं. त्यात एक आकडा असतो, तो तीसच्या वर गेला म्हणजे भूक लागली. खाली राहिला तर आल्या पावली परत. खोली एकच आहे, भिंती जाड आहेत, आणि माझ्या वहीत अडतीस माणसं ताटकळतायत. तेव्हा मेहेरबानी करून आकडा घेऊन या."

करवतीने त्या दिवशी सिस्टरकडे जरा आदराने पाहिलं होतं. व्यवसायातलं माणूस होतं.

घरी मात्र खरा प्रश्न निर्माण झाला.

घरी करवत, तिचा नवरा आणि सासूबाई. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. सासूसुनेचं युद्ध चोवीस वर्षं अखंड चालू होतं आणि त्याचं मूळ कारण होतं, धुतलेली पातेली पालथी ठेवायची की उताणी. सासूबाई उताण्याच्या बाजूच्या. सून पालथ्याच्या. चोवीस वर्षांत त्या पातेल्यांनी जेवढ्या कोलांट्या मारल्या तेवढ्या सर्कशीत कुणी मारल्या नसतील. नवरा शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा. त्याला रसायनं कळायची, त्यामुळे दोन कुठल्या गोष्टी एका बाटलीत ठेवू नयेत हे त्याला माहीत होतं. पण तोवर लग्न झालेलं होतं. "दोघींचंही बरोबर आहे," एवढं म्हणून तो कामाला निघून जायचा.

गोळी बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी घरात शांतता पसरली. नवरा खूश. घरातल्या घड्याळाला टिकटिक असते हे त्याला चोवीस वर्षांनी कळलं.

सासूबाई मात्र हवालदिल. त्यांनी सगळी पातेली उताणी केली. सून बघून गेली. त्यांनी भाजीला नावं ठेवली. सुनेने ताट पुढे सरकवलं. त्यांनी सुनेचा टॉवेल जमिनीवर टाकला आणि स्वतःच त्यावर पाय पुसले. काही नाही. शेवटी त्यांनी कपाटातलं सगळ्यात मोठं हत्यार काढलं, माहेर.

"तुझ्या आईने तुला दोनच गोष्टी शिकवल्या," त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही चुकीच्या."

करवत खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती. बाहेर कडक ऊन होतं. शाल आणखी वर ओढून घेत ती म्हणाली, "असेल."

सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या. "असेल? असेल म्हणजे काय?"

करवतीचे डोळे मिटले होते.

संध्याकाळी त्यांनी मुलाला गाठलं. "हिला मारतायत तिथे."

"आई, औषध बंद आहे म्हणून तसं होतंय. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे अजून."

"औषध बंद करून माणूस बरा होतो हे मी पहिल्यांदा ऐकतेय. मग जेवण बंद करून बाळसं आणा."

"डॉक्टरांना कळतं गं."

"तुला बरं वाटतंय ना? चांगला पाय पसरून पेपर वाचतोयस. बायको मेल्यासारखी पडलीय आणि तू शब्दकोडं सोडवतोयस."

नवऱ्याने शब्दकोडं घडी करून ठेवलं. "तुझंही बरोबर आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सुनेला चहा करून दिला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

करवतीने कप आधी हुंगला. "काय... घातलंय?"

"साखर. विष घालायचं असतं तर इतकी वर्षं थांबले असते का?"

मुद्दा बिनतोड होता. ती चहा प्यायली. मग रोजच प्यायला लागली.

चौथ्या आठवड्यात करवतीला जरा हुशारी वाटायला लागली. पाचव्यात शाल सुटली. आवाज मोकळा झाला. खिडकीवर एक माणूस गुडघ्यापर्यंत पोचला होता, त्याला तिने तिथेच तोडला. "गुडघ्याला पाइपलाइन आमची नाही. पुढचे." रांगेत लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. डबा आणणाऱ्या बाईने डबा पिशवीत परत ठेवला.

"माझं शरीरच चिवट," करवत शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली. "लोक पार आडवे होतात म्हणे. मला बघ."

"बघतोय," तो कारकून खिन्नपणे म्हणाला. दोन आठवडे त्याचे फार सुखात गेले होते.

घरीही विजय. पातेली पालथी होती आणि पालथीच राहत होती. सासूबाई हल्ली वादात कमी पडायच्या. टोमणा अर्धा मारून पुढचा विसरायच्या. अंगात स्वेटर घालून उन्हात बसायच्या आणि तरी कुडकुडायच्या. त्यांचा चेहरा फुगला होता, आणि त्या तब्येतीने सुधारल्या असं नवऱ्याला वाटलं. वय झालं, थकली म्हातारी, असं करवतीने मनाशी नोंदवलं आणि तिला आनंद झाला. नंतर एकदा जेवताना सासूबाई भातात हात तसाच ठेवून झोपल्या, तेव्हा मात्र नवरा म्हणाला, "उद्या तुझं रक्त द्यायचंय ना, तर आईचंही देऊ. एका फेरीत होईल."

दुसऱ्या दिवशी तिघं तळघरात गेले. रक्त दिलं, आणि तीन तास बाकावर बसले. मग सिस्टर दोन कागद घेऊन आली. तिने एकदा करवतीकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे आणि पुन्हा कागदांकडे.

"आडनाव एकच ना तुमचं?"

"सासू-सून आहोत. एकच असणार."

"वाटलंच मला. चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्यात. वरच्या मजल्यावर नुसती गाढवं भरलीत." सिस्टरने पेन काढलं. "सुनेचा आकडा नऊ आणि सासूचा सत्तेचाळीस. असं असतं का कधी? तुमचे सत्तेचाळीस. छान उपाशी आहात. मी नावं बदलून घेते. उद्या सकाळी आठला भरती व्हा."

"चला," नवरा उठला. "सुटलो."

करवत उठली नाही. तिने स्वतःच्या हाताचे तळवे पाहिले. गरम होते. मग शेजारी पाहिलं. सासूबाई स्वेटरात हनुवटी खुपसून बसल्या बसल्या घोरत होत्या. सव्वीस वर्षं तिने खोट्या नोंदी पकडल्या होत्या. पाण्याची कोणती चावी कुणी फिरवलीय हे तिला घरबसल्या कळायचं. ही आपल्या घरातली मात्र तीन आठवडे दिसली नव्हती.

"आई," ती म्हणाली. "उठा. तुम्ही तुमची गोळी घेताय का?"

सासूबाईंच्या ग्रंथीने पन्नाशीतच राजीनामा दिला होता. सुनेच्या डब्यात होती तीच गोळी त्या तीस वर्षं घेत होत्या.

"गोळी..." सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "रोज... संपते की डब्यातली."

"संपते. जाते कुठे?"

"तुझ्या... चहात."

नवरा परत बसला.

"का?" करवतीने विचारलं.

"तू... असेल म्हणालीस."

"म्हणून?"

"त्या... असेलनंतर... मला घरात करमेना." सासूबाईंनी डोळे उघडले. सुजलेल्या पापण्यांतून त्या सुनेकडे रागाने बघत होत्या. "मला काय माहीत... यांचं उलटं शास्त्र. म्हटलं... आधी हिला उठवू. मग... बघून घेऊ."

सिस्टर टेबलावर कागदांवरची नावं दुरुस्त करायला बसली होती. करवतीला तेवढ्या वेळात सगळं दिसलं. गप्प बसलं तर उद्या आठला ती खोली आपली. आयोडीन प्यायचं, तीन दिवस आत राहायचं, सुटायचं. आणि आतलं कुत्रं पोटभर जेवून बसलेलं. तुकडा हुंगणार, चालायला लागणार.

ती टेबलापाशी गेली. "सिस्टर, नावं बदलू नका. चिठ्ठ्या बरोबर आहेत. नऊ माझेच."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. पुन्हा रक्त घ्या."

"बाई, मिळालेली तारीख कुणी सोडतं का? तुमच्यासाठी औषध मागवलंय. ते ठेवलं तरी रोज आपोआप कमी होतं, बर्फासारखं. मी काय त्याचं सरबत करू?"

"अडतीसातल्या एखाद्याला द्या. तयार असेल कुणीतरी. मी भरल्या पोटाची आहे."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. तिच्या आवाजाची पट्टी बदलली. "म्हणजे चोरून घेतल्यात गोळ्या."

"पोटात गेल्यात."

"सहन होत नाही म्हणून घेतात सगळे, आणि वर माझ्यापुढे शपथा. आता दोन आठवडे गोळी चालू करा, मग पुन्हा पाच आठवडे बंद. पहिल्यापासून. सात आठवड्यांनी एक जागा आहे. तोवर आत काही वाढलं तर माझ्या नावाने बोंबलायचं नाही. कारण काय लिहू?"

बाकावरून सासूबाई उठायचा प्रयत्न करत होत्या. "सिस्टर... ते मी..."

"आई, तुमचा नंबर आलेला नाही," करवत मागे न बघता म्हणाली. "बसा खाली." मग सिस्टरला म्हणाली, "लिहा. रुग्णाचा निष्काळजीपणा."

लोकांची घरची भांडणं तिने सव्वीस वर्षं खिडकीत ऐकली होती. आपलं एकही तिने कधी खिडकीवर ठेवलं नव्हतं. कागद उलटा फिरवून तिने सही केली.

घरी पोचल्यावर मात्र तिने तोंड उघडलं. दुपारी तीनला सुरुवात झाली. आजवर साठवून ठेवलेलं सगळं निघालं, पातेली, टॉवेल, माहेर, लग्नातली साडी. "माझा जीव टांगणीला लावलात तुम्ही. कशासाठी? तोंडाला चव नव्हती म्हणून?" सासूबाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. एका वाक्याचं उत्तर त्यांना सुचेपर्यंत सून पुढच्या चौथ्या वाक्यावर असायची. सव्वातीनला करवतीच्या लक्षात आलं, की एकटीने भांडणं हे फार दमवणारं काम आहे. ती थांबली. आत गेली. सासूबाईंच्या डब्यातली गोळी आणि पाणी घेऊन आली.

"घ्या. उद्यापासून रोज सकाळी माझ्यासमोर. गिळल्यावर जीभ वर करून दाखवायची."

"मी काय... गुन्हेगार आहे?"

"हो."

सात आठवडे. पहिले दोन ठीक गेले. मग करवतीची गोळी पुन्हा बंद, आणि सासूबाईंची चालू. एक उतरायला लागली तशी दुसरी चढायला लागली, रहाटाच्या दोन घागरींसारखी. रोज सकाळी सासूबाई गोळी गिळून जीभ दाखवायच्या, आणि पुढे पुढे ती तपासायला करवतीला इतका वेळ लागायचा की सासूबाईंचा जबडा दुखून यायचा. पण तोंड त्या मिटत नव्हत्या. स्वतःचा चहा स्वतःच करायचा, असा सुनेचा हुकूम होता. ती भिंत धरून उठायची आणि करायची. सासूबाई बाहेर उभ्या राहून बघायच्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकत नसत.

साहेबांनी तिला रजा दिली. खुशीने नाही, रांगेला भिऊन.

चौथ्या आठवड्यात करवत जवळजवळ बोलेनाशी झाली. मग सासूबाईंनी वेगळाच मार्ग काढला.

"पातेली मी उताणी ठेवलीत," त्या खुर्चीसमोर उभ्या राहून सांगायच्या. मग थोडं थांबायच्या. "आता तू म्हणशील, धूळ बसते. मी म्हणेन, तू पुसत नाहीस म्हणून बसते. तू म्हणशील, आधी तुमच्या मुलाला पुसायला शिकवा. मी म्हणेन, त्याला तू बिघडवलंस. यावर काय म्हणशील?" सून नुसती बघायची. "बरोबर आहे," सासूबाई म्हणायच्या, "हे लागलं मला," आणि ताठ मानेने निघून जायच्या. त्या खोटं खेळत नव्हत्या. सुनेची बाजू त्या पुरेपूर मांडायच्या, आणि दिवसातून दोनदा तरी हरायच्या.

नवऱ्याला घड्याळ पुन्हा ऐकू येईनासं झालं.

ठरलेल्या दिवशी सकाळी आकडा आला, चौऱ्याऐंशी. सिस्टरने तो दोनदा वाचला आणि नाइलाजाने म्हणाली, "याला म्हणतात उपाशी."

तळघराच्या टोकाला ती खोली होती. जाड दार, आत एक पलंग, एक टेबल, संडास. बाहेर जमिनीवर पिवळी पट्टी. पट्टीच्या पुढे रुग्णाशिवाय कुणी जायचं नाही. शिशाचं जड भांडं गाडीवर ठेवून एक माणूस बाजूला उभा होता. त्या भांड्यात तिचं औषध होतं.

करवत पट्टी ओलांडून दारापर्यंत गेली. चार पावलांना तिने चार वेळा दम घेतला.

"तीन दिवस एकटी," पट्टीच्या अलीकडून सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अख्ख्या बोळात घुमला. "आता भांडशील कुणाशी? भिंतीशी?"

करवत थांबली. चौकटीला हात टेकला. सुजलेला चेहरा हळूहळू मागे वळला. ओठ उघडले, पण आवाज आला नाही.

"बाई, आत व्हा," सिस्टर म्हणाली. "औषध थांबलंय."

"थांबू दे," सासूबाई म्हणाल्या. "ती बोलतेय."

"काही बोलत नाहीत त्या."

"बोलतेय म्हटलं ना."

शिशाच्या भांड्यामागच्या माणसाने गाडीवरून हात काढून घेतला. सासूबाईंच्या जिभेवर सुनेचं उत्तर तयार होतं, चांगलं होतं, वर्मी लागणारं होतं. त्यांनी दात आवळून धरले. दारात करवत श्वास गोळा करत होती, आणि बोळातली चारही माणसं उभी होती.